जनीचं नाव उरलं, धारासूरच्या शिल्पकाराचं कुठे गेलं?

गंगाखेड म्हटलं की पहिलं नाव आठवतं संत जनाबाईंचं.

परभणी जिल्ह्यातलं, गोदावरीकाठचं हे गाव म्हणजे जनाबाईंचं जन्मगाव. पुढे त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी राहिल्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं हेच त्यांचं आयुष्य. जमीन नाही, पद नाही, दरबारात ओळख नाही. तरीही सातशे वर्षांनंतर त्यांचं नाव घराघरात आहे.

ते टिकण्याचं एक साधं कारण आहे. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव गुंफायची पद्धत होती, तिला नाममुद्रा म्हणतात. अभंग तोंडातून तोंडात गेला आणि त्याच्यासोबत 'जनी' हे नावही गेलं.

आता त्याच गंगाखेड तालुक्यातल्या दुसऱ्या एका गावात चला. गावाचं नाव धारासूर.

इथेही गोदावरी आहे. आणि तिच्या काठावर आहे गुप्तेश्वराचं मंदिर, साधारण अकराव्या ते तेराव्या शतकातलं. खाली कोरीव दगडी मंदिर, वर विटांचं शिखर आणि बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पं. मराठवाड्यातल्या देखण्या मंदिरांची यादी काढली तर धारासूर त्यात हमखास असतं.

पण हे कोरलं कुणी? त्या माणसाचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही.

दळणाऱ्या बाईचं नाव उरलं आणि दगडात काम करणाऱ्या माणसाचं गेलं. दगड शब्दापेक्षा जास्त टिकतो म्हणतात ना? मग हे उलटं कसं झालं? तेच आज समजून घेऊ. त्यासाठी आधी हा माणूस नेमका काय काम करायचा ते बघावं लागेल.

वास्तुशिल्पकार म्हणजे कोण?

चौकात पुतळा उभा करणारा मूर्तिकार आणि मंदिराच्या भिंतीवर कोरणारा शिल्पकार, दोघांच्या कामात मोठा फरक आहे.

चौकातला पुतळा स्वतंत्र असतो. तो हलवला तरी शेजारची इमारत पडत नाही. मंदिराच्या भिंतीवरची सुरसुंदरी मात्र अनेकदा भिंतीच्याच दगडात कोरलेली असते. म्हणजे ती मूर्ती आहे आणि भिंतीचा भागही आहे. तिच्यावरच्या दगडांचं वजन ती पेलते. खांबावरची नक्षी, दाराच्या चौकटीवरची वेल, छताला लटकणारं दगडी कमळ, सगळ्याचं हेच. शोभा आणि भार एकाच दगडात.

त्यामुळे या माणसाला दोन गोष्टी यायलाच हव्या होत्या. चेहऱ्यावर हसू कसं आणायचं ते, आणि कुठल्या दगडावर किती वजन येणार ते.

त्यात ही मंदिरं बहुतेक चुन्याशिवाय रचलेली. एका दगडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारा उंचवटा आणि वरून वजनाचा दाब. माप थोडं जरी चुकलं तरी वरच्या थरात फट पडणार. कोरून झालेला दगड पुन्हा मोठा करता येत नाही. तो वाया गेला की नवा दगड आणायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

नाव माहीत नाही, मग करिअर कसं कळणार?

एका माणसाचं चरित्र आपल्याला लिहिता येत नाही. पण त्याच्या कामाची वाट कशी असायची याचा बराच अंदाज जुन्या शिल्पग्रंथांवरून बांधता येतो.

'मयमत'सारख्या ग्रंथांत बांधकामावरच्या माणसांचे चार दर्जे सांगितलेत. सगळ्यात वर स्थपती. पूर्ण मंदिराचा आराखडा त्याच्या डोक्यात. त्याच्याखाली सूत्रग्राही, म्हणजे दोरी धरून मापं टाकणारा. हा बहुतेक वेळा स्थपतीचा मुलगा किंवा शिष्य. मग तक्षक, म्हणजे दगड-लाकूड तासणारा. आणि वर्धकी, म्हणजे तासलेले भाग जुळवून उभं करणारा.

आजच्या भाषेत सांगायचं तर आर्किटेक्ट, सर्व्हेअर, कार्व्हर आणि असेंब्ली टीम. कॉलेज मात्र नव्हतं. जे काही शिकायचं ते साइटवर, घरातल्या मोठ्या माणसाच्या किंवा गुरूच्या हाताखाली.

मूर्ती घडवायलाही अंदाजपंचे कारभार नव्हता. मोजायचं एकक होतं 'ताल', म्हणजे मूर्तीच्या चेहऱ्याची लांबी. एका तालाचे १२ अंगुळं. नवताल मूर्ती म्हणजे चेहऱ्याच्या नऊपट उंच, म्हणजेच १०८ अंगुळं. हे गणित एकदा हातात बसलं की मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, प्रमाण बिघडत नाही.

असे नियम आपल्याच भागात लिहिले गेले होते. तेव्हा मराठवाड्याचा मोठा भाग कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली होता. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. स्वयंपाकापासून हत्तींपर्यंत त्यात सगळं आहे, आणि मूर्तींची मापंही आहेत.

पण मापं एकच असूनही प्रत्येक सुरसुंदरी वेगळी का दिसते? कारण ग्रंथ उंची सांगतो. मान किती कलवायची, ओठांच्या कडा किती उचलायच्या हे ठरवणार कोरणारा. त्याचं स्वातंत्र्य एवढ्याशा जागेत होतं, आणि तिथे त्याने कमाल केली.

आणि दगड कुठला? तर बेसॉल्ट

इथे मराठवाड्यातल्या कारागिराचं वेगळेपण कळतं.

कर्नाटकातली बेलूर-हळेबीडची मंदिरं आपण रील्सवर बघतो. दागिन्यांचा एकेक मणी मोजता येईल असं कोरीवकाम. होयसळ कारागिरांनी तिथे जो दगड वापरला तो तुलनेने मऊ. खाणीतून काढल्यावर सहज कोरला जाणारा आणि उघड्यावर राहून हळूहळू टणक होणारा.

आपल्याकडे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा थंड होऊन दख्खनचं पठार तयार झालं, त्याचाच हा दगड. टाकी मारली की हात झिणझिण्या देतो. टाकीचं टोक भराभर बोथट होतं, म्हणून जिथे दगडकाम तिथे टाक्या शेकून धार लावणारा लोहार लागतोच. शिवाय या दगडात कुठे कुठे हवेचे जुने बुडबुडे अडकलेले असतात. नाक कोरताना नेमकी तिथेच पोकळी निघाली तर संपलं.

अशा दगडात बोटाची नखं, पायातले तोडे, कपड्याच्या चुण्या कोरायच्या म्हणजे काय चीज असेल, विचार करा.

शिखर विटांचं असण्यामागचा व्यवहारही लक्षात घ्या. वीट दगडापेक्षा हलकी. ती वर चढवणं सोपं आणि खालच्या भिंतींवर भारही कमी. अर्थात विटेचं आयुष्य दगडाइतकं नसतं. जुन्या मंदिरांची अशी शिखरं बहुतेक ठिकाणी ढासळली, त्यामुळेच धारासूरच्या शिखराला जास्त मोल आहे.

श्रेय गेलं हेमाडपंताला

गावात कुणालाही विचारा, "हे मंदिर कसलं?" उत्तर ठरलेलं, "हेमाडपंती."

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री. तेराव्या शतकात देवगिरीचे यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारातला मोठा अधिकारी आणि 'चतुर्वर्गचिंतामणी' या ग्रंथाचा कर्ता. कर्तबगार माणूस, यात शंका नाही.

पण अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शक ९८२चा आहे, म्हणजे इ.स. १०६०चा. हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचा. तरी लोक अंबरनाथलाही बिनधास्त हेमाडपंती म्हणतात. महाराष्ट्रात चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं दगडी मंदिर दिसलं की त्याला हाच शिक्का.

म्हणजे बघा, ज्याने टाकी चालवली त्याचं नाव गेलं. आणि जो अनेक मंदिरांच्या वेळी जन्मालाही आला नव्हता, त्या कारभाऱ्याचं नाव सगळ्यांना चिकटलं.

पण ते नम्र होते, म्हणून नाव लिहीत नव्हते ना?

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. 'आपले शिल्पकार निस्वार्थी होते, कला देवाला अर्पण करायचे, म्हणून नाव लिहीत नसत.' व्हॉट्सॲपवर तर हे फोटोसकट फिरतं.

ऐकायला छान आहे. पण पुरावे वेगळं सांगतात. ज्यांना संधी मिळाली त्यांनी नाव लिहिलंय, आणि अगदी ठसठशीत लिहिलंय.

कर्जतजवळ कोंडाणे लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या एका मोठ्या शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. अर्थ असा की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस स्वतःचं नाव सांगतोय आणि आधी गुरूचंही.

मराठवाड्यातलंच उदाहरण हवंय? कन्नड तालुक्यातली पितळखोरा लेणी घ्या. तिथे सापडलेली एका बुटक्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर लेख आहे, कण्हदास नावाच्या सोनाराने ही मूर्ती केल्याचा. सोनार! दागिने घडवणारा माणूस दगडातही काम करत होता, हे आपल्याला त्या एका ओळीमुळे कळतं.

कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचं काम केल्याची नोंद आहे.

पुढे आठव्या शतकात कर्नाटकातल्या पट्टदकलला या. बदामीच्या चालुक्यांची राणी लोकमहादेवीने तिथे मोठं मंदिर बांधलं, आजचं विरूपाक्ष मंदिर. ते उभारणाऱ्या गुंड नावाच्या स्थपतीला सन्मान आणि 'त्रिभुवनाचारी' ही पदवी दिल्याचं तिथल्या शिलालेखात आहे.

बाराव्या-तेराव्या शतकात, म्हणजे धारासूरच्याच काळाच्या आसपास, होयसळ कारागीर तर सर्रास सह्या करत होते. बेलूरला बळ्ळिगावेहून आलेला दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांची नावं मूर्तींखाली आहेत. मल्लितम्म नावाच्या शिल्पकाराची सही इतक्या ठिकाणी आहे की अभ्यासकांना त्याच्या कामाचा माग काढता येतो. अमृतपूरच्या ११९६च्या मंदिरापासून तेराव्या शतकातल्या सोमनाथपूरपर्यंत. याला म्हणतात करिअर.

मग धारासूरला सही का नाही?

एकच एक उत्तर नाही. पण काही कारणं समोर ठेवता येतात.

पहिलं म्हणजे, शिलालेख कशासाठी कोरायचे? बहुतेक लेख म्हणजे दानपत्रं. कुणी दान दिलं, किती जमीन दिली, कुठल्या तिथीला, आणि दान मोडणाऱ्याला शाप. तो व्यवहाराचा कागद होता, फक्त दगडावरचा. दान देणाऱ्याचं नाव त्यात असणारच. मजुरी घेणाऱ्याचं नाव घालायची गरज कुणाला वाटणार?

दुसरं, हे एकट्याचं काम नव्हतं. एकाने दगड काढला, दुसऱ्याने चौरस केला, तिसऱ्याने आकृती आखली, चौथ्याने कोरली. आज सिनेमाच्या शेवटी दोन-चारशे नावं सरकतात, तशी श्रेयनामावली तेव्हा नव्हती.

तिसरं, जागेचा रिवाज. होयसळांच्या राज्यात सही करणं चालायचं, कदाचित अपेक्षितही असायचं. आपल्याकडे ती पद्धत तितकी रुजली नाही.

आणि चौथं म्हणजे नुकसान. भिंती पडल्या, दगड घरांना आणि घाटांना गेले, मूर्तींवर रंगाचे थर चढले. त्यात कुठे एखादं नाव गेलंही असेल.

या कारणांमध्ये नम्रता कुठेतरी असेलही. पण 'नाव नको म्हणाला' आणि 'नाव विचारलंच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सही नसली तरी हात ओळखता येतो

नाव गेलं म्हणून माणूस पूर्ण गेला असं मात्र नाही.

आपल्या वर्गातल्या मित्राचं अक्षर आपण नाव न वाचता ओळखतो ना? कोरीवकामाचंही तसंच असतं. एखादा कारागीर डोळ्यांच्या कडा लांब ओढतो. एखादा बोटं जरा जास्त निमुळती करतो. कुणाचा कंबरपट्टा ठराविक पद्धतीनेच लोंबतो. मोठी गोष्ट माणूस ठरवून करतो, पण अशा बारीक सवयी आपोआप हातातून उतरतात. त्या जुळवून अभ्यासक सांगू शकतात की या दोन मूर्ती बहुधा एकाच हाताच्या आहेत.

म्हणून पुढच्या वेळी धारासूरला, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला किंवा औंढा नागनाथला गेलात, तर देवदर्शनानंतर एक फेरी मंदिराच्या बाहेरून मारा. आरशात बघणारी, लिहिणारी, पायातला काटा काढणारी अशा सुरसुंदरी मराठवाड्यातल्या मंदिरांवर ठिकठिकाणी दिसतात. दोन मूर्तींच्या फक्त पायांची बोटं किंवा फक्त कानातले दागिने शेजारी ठेवून बघा. कुठे हात बदलला ते कळायला लागतं. अर्धवट राहिलेली मूर्ती दिसली तर तिथे जास्त वेळ थांबा, कारण तिथे टाकीचे घाव अजून मोजता येतात.

मुंबईतही हीच गोष्ट

ही फक्त यादवकाळातली भानगड आहे असं वाटत असेल, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत या.

ब्रिटिशांना मुंबईत दगडी इमारती उभारायच्या होत्या आणि त्यांवर कोरीवकाम करणारे हात हवे होते. १८६५मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉन लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्प शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची आणि बाजाराची उठावशिल्पं त्यांचीच. 'जंगल बुक' लिहिणारे रुडयार्ड हे त्यांचे चिरंजीव. बापाचं नावही आपल्यापर्यंत पोहोचलं ते बरंचसं मुलामुळे.

१८७८मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, नाव त्यांच्या आईचं आणि आराखडा इंग्लंडच्या गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे सगळं क्विझमध्ये विचारतात. पण टॉवरवर उंचावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. हे नाव तुम्ही आधी ऐकलं होतं? खरं सांगा.

इथे तर नावाची नोंदही आहे. तरी आपण विसरलो. म्हणजे नाव टिकायला नुसतं कोरून भागत नाही, ते कुणीतरी घेतही राहावं लागतं. जनाबाईंचं नाव वारकऱ्यांनी घेतलं. टाकीवाल्यांना असे वारकरी मिळाले नाहीत.

हे आज बोलायचं कारण काय?

कारण धारासूरच्या मंदिराचं जतन करायचं काम आपल्या काळात आलंय. अनेक वर्षांच्या पडझडीनंतर राज्याच्या पुरातत्त्व विभागाने ते हाती घेतलं.

अशा कामाची पद्धत सांगायला सोपी, करायला अवघड. प्रत्येक दगडाचा फोटो काढायचा, त्यावर क्रमांक टाकायचा, नकाशात जागा नोंदवायची. कलंडलेला भाग काळजीपूर्वक उतरवायचा, पाया बळकट करायचा आणि तोच दगड त्याच जागी पुन्हा बसवायचा. जो दगड सापडतच नाही किंवा चुरा झालाय, तिथे नवा घडवायचा. नवा दगड जुन्यात बसला पाहिजे, पण अभ्यासकाला तो नवा आहे हे ओळखूही आलं पाहिजे.

हे सगळं सॉफ्टवेअर करत नाही. शेवटी दगडासमोर बसतो तो पाथरवट, टाकी-हातोडा घेऊन. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या बिननावाच्या कारागिराचं काम नीट कळणारा आज कुणी असेल, तर तो हाच.

आणि त्याचं गिऱ्हाईक कधीच आटलंय. पूर्वी गावोगाव पाटा-वरवंटा, जाती, उखळं लागायची. जात्याला टाकी लावून द्यायला माणूस दारावर यायचा. मिक्सर आणि गिरणी आली, ते काम गेलं. ज्यांच्या हातात पिढ्यांची कला होती त्यांच्यातले कित्येक खडी फोडायला किंवा शहरातल्या साइटवर गेले.

आपल्याला काय करता येईल? सगळ्यात आधी, गावातल्या जुन्या मंदिराला ऑइलपेंट लावायचा ठराव आला तर हात वर करून नाही म्हणा. रंगाखाली बारीक कोरीवकाम बुजतं, आणि दगडात मुरलेला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही. पडलेला कोरीव दगड दिसला तर तो घरी न नेता पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि मंदिराचा फोटो टाकताना कॅप्शनमध्ये 'हेमाडपंती' लिहून मोकळं होण्याआधी शतक कुठलं ते शोधा.

अजून एक. कुठल्याही जीर्णोद्धाराच्या उद्घाटनाला एक कोनशिला बसते. तिच्यावर मंत्री, आमदार, अध्यक्ष, देणगीदार, सगळ्यांची नावं मानासकट असतात. तीसुद्धा एक प्रकारचा शिलालेखच, यादवांच्या काळातल्यासारखा. ती अक्षरं कुणीतरी बसून कोरलेली असतात. त्याचं नाव तिच्यावर कधी वाचलंय?

पुढच्या वेळी गावात अशी कोनशिला बसणार असेल, तर ज्यांनी दगड घडवले त्यांचीही नावं घाला म्हणून सांगा. एका ओळीचा खर्च आहे.

आणि जाता जाता एक विचार. जनाबाई ज्या जात्यावर दळायच्या, ते जातंही कुणीतरी पाथरवटानेच घडवलं असणार.